ब्लेसिंगच्या फीचं काय करायचं?

*ताई, सादर नमस्कार. माझे यजमान नायजेरियात, पोर्ट हारकोर्टजवळच्या एलेमे इथे एका कारखान्यात नोकरीला आहेत. मी आणि मुलगा तीन वर्षं तिथे राहिलो. मुलाच्या आठवीसाठी यंदा जूनमध्ये नाशिकला परत आलो. तिथे आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई यायच्या. त्यांची मुलगी ब्लेसिंग (नाव बदललं आहे) अकरा वर्षांची आहे. प्राथमिक शाळा संपली, सप्टेंबरमध्ये पुढच्या शाळेत जायची होती, पण गेली नाही. आईबरोबर रस्त्याच्या कडेला कणसं विकायला बसते, असं यजमान सांगतात. मला तिला शिकवायचं आहे. वसाहतीतल्या एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं की मुलीला माझ्याकडे राहायला पाठवा, वरकाम करील आणि शाळेतही जाईल. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या मोठ्या संस्थेची दत्तक-पालक योजना. दरमहा पैसे भरायचे, मुलाचा फोटो आणि पत्रं येतात. ब्लेसिंगच्या आईच्या हातात रोख द्यायला मन धजत नाही. आणि यजमान म्हणतात, जमिनीखाली तेलाचा समुद्र असलेल्या देशातल्या मुलीची फी नाशिकच्या माणसाने का भरायची? आपल्या गावात काय कमी मुलं आहेत? मला उत्तर सुचत नाही. — एक वाचक, नाशिक*

सस्नेह नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी दिनदर्शिका काढली. नायजेरियात शाळेचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि त्याच्या तीन टर्म असतात. दुसरी टर्म जानेवारीत. म्हणजे ब्लेसिंगची आत्तापर्यंत एकच टर्म बुडाली आहे. जानेवारीत ती वर्गात बसली तर फारसं काही बिघडलेलं नाही. वर्ष गेलं तर मात्र अवघड होईल. थोराड दिसणारी मुलगी लहान मुलांच्या वर्गात बसायला लाजते, आणि घरालाही तिने आणलेल्या चार पैशांची सवय होते. म्हणून या आठवड्यातली बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुम्हाला लिहिते आहे.

सगळ्यात आधी, तिला कुणाच्याही घरी ठेवू नका. त्या बाईंचा हेतू चांगला असेल, मी शंका घेत नाही. पण "आंटीकडे राहील आणि शिकेल" ही तिकडची जुनी, रुळलेली वाट आहे. आक्वा इबोम, क्रॉस रिव्हर, बेन्वे अशा भागांतल्या खेड्यांतून किती मुली या एका शब्दावर शहरात येतात. माझी धाकटी बहीण सात वर्षं लागोसला होती, मी दोनदा तिच्याकडे महिना-महिना राहून आले. तिच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अशी एक मुलगी होती. सकाळी साडेसहाला घरातल्या दोन मुलांची दप्तरं दोन खांद्यांना अडकवून ती खाली यायची. शाळेची गाडी आली की दप्तरं आत द्यायची. मग फाटकाशी उभी राहून, एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत, गाडी वळेपर्यंत बघत राहायची. मी तिला विचारलं, तू कितवीत? म्हणाली, "नेक्स्ट टर्म, मा." पुढच्या वर्षी परत गेले, परत विचारलं. तेच उत्तर मिळालं, आणि तितक्याच हसऱ्या तोंडाने.

कायदाही तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने नाही. नायजेरियात २०१५ च्या कायद्यानुसार बारा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं हा गुन्हा आहे. ब्लेसिंग अकराची आहे. पण ती तेराची असती तरी मी हेच सांगितलं असतं. जिला आई आहे आणि जी रोज संध्याकाळी आईजवळ असते, तिला तिथून उचलण्याचं काहीच कारण नाही. तिला फी हवी आहे, दुसरं घर नको.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. तो मला मनापासून विचारलेला वाटतो, म्हणून त्याला नीट उत्तर देते.

नायजेरियात व्यापारी प्रमाणात तेल पहिल्यांदा सापडलं ते १९५६ मध्ये, ओलोइबिरी नावाच्या गावी. ते गाव याच नायजर त्रिभुज प्रदेशातलं. दोन वर्षांनी निर्यात सुरू झाली. तेव्हापासून देश तेलावर तरंगतो आहे असं सगळे म्हणतात. पण एक साधा हिशेब करून बघा. दिवसाला साधारण पंधरा लाख पिंपं तेल निघतं आणि लोकसंख्या बावीस कोटींच्या घरात आहे. वर्षाला माणशी अडीच पिंपं पडतात. पिंपाला ७० डॉलर भाव धरला, काढण्याचा खर्च शून्य धरला आणि एक पैसाही कुणी खाल्ला नाही असं धरलं, तरी माणशी वर्षाला पंधरा हजार रुपये होतात. कुवेतमध्ये हाच हिशेब माणशी दीडशे पिंपांच्या वर जातो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणतात तसं आहे हे. नायजेरिया 'तेलाने श्रीमंत' आहे ते सरकार आणि सरकारच्या जवळची माणसं यांच्यापुरतं. बावीस कोटींना पुरेल एवढं ते तेल कधीच नव्हतं.

आणि जे होतं त्याचं काय झालं, हे तर तळं राखील तो पाणी चाखील. पण माझ्या मते चोरीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. ज्या सरकारला लोकांच्या कराची गरज असते, त्याला लोकांकडे तोंड करून उभं राहावं लागतं. रस्ता का नाही, मास्तर का नाही, हे विचारणाऱ्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. ज्याचा पैसा समुद्रातल्या विहिरींतून आणि पाइपलाइनमधून थेट येतो, त्याला शाळेतल्या पोरांची फारशी गरज पडत नाही. दशकानुदशकं तिथे हेच झालं. राज्यघटनेनुसार तेल निघणाऱ्या राज्यांना त्या उत्पन्नाचा किमान १३ टक्के वेगळा वाटा मिळतो, म्हणजे ब्लेसिंगच्या रिव्हर्स राज्यालाही मिळतो. तो राजधानी अबुजाहून पोर्ट हारकोर्टपर्यंत येतो. तिथून एलेमेच्या शाळेपर्यंतची वाट थोडीच आहे, पण तेवढ्यातच तो आटतो. आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही.

यजमान म्हणतील, तिथे शिक्षण मोफत आहे की! आहे, कागदावर. २००४ च्या कायद्यानुसार पहिली नऊ वर्षं, म्हणजे प्राथमिकची सहा आणि त्यापुढची ज्युनियर सेकंडरीची तीन, मोफत आणि सक्तीची आहेत. पण गणवेश, सँडल, वह्या, पालक संघाची वर्गणी, परीक्षेचे पैसे, कुठे कुठे तर बसायची खुर्चीसुद्धा घरून न्यावी लागते. हा खर्च आईच्या पदरावर पडतो. आणि तो पदर गेल्या काही वर्षांत किती फाटला, ते तुम्ही स्वतः तिथे राहून पाहिलं आहे. २९ मे २०२३ ला नवे राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी शपथ घेतली आणि त्याच भाषणात पेट्रोलवरचं अनुदान संपल्याचं सांगून टाकलं. २०० नायरांच्या आत असलेलं लिटर काही दिवसांत ५०० च्या घरात गेलं, पुढच्या वर्षी हजाराच्या आसपास. त्याबरोबर केकेचं भाडं वाढलं, गारी म्हणजे कसाव्याच्या कंदाचा भरड रवा महागला. (केके म्हणजे तिकडची तीनचाकी, बहुतेक आपल्या पुण्याच्या बजाजचीच.) सरकारी किमान वेतन २०२४ पासून महिना ७०,००० नायरा आहे, म्हणजे सध्याच्या भावाने चारेक हजार रुपये. धुण्याभांड्याच्या बाईला तेवढेही मिळत असतील का, हे तुम्हालाच जास्त ठाऊक.

ही गोष्ट एकट्या ब्लेसिंगची नाही. तिथल्या सरकारने २०२२ मध्ये स्वतःच मोजणी केली. शिक्षण, आरोग्य, राहणीमान अशी सगळी अंगं धरून १३.३ कोटी माणसं गरीब निघाली, शंभरातली ६३. मुलांमध्ये तर तीनातली दोन. प्राथमिक वयाची एक कोटीहून अधिक मुलं शाळेबाहेर आहेत, आणि त्यांतली बरीच उत्तरेतली. एवढ्या डोंगरापुढे एका मुलीची फी काय, असं मनात येतं. येऊ द्या. पण डोंगर मोठा आहे म्हणून तिची जानेवारी चुकवू नका.

"नाशिकच्या माणसाने का?" याला माझं उत्तर नकाशावरचं नाही. तीन वर्षं त्या बाईंनी तुमच्या ताटवाट्या घासल्या. तुमच्या घरचा पगार त्याच मातीतल्या वायू-तेलातून येतो. नायजेरियाच्या कच्च्या तेलाचा भारत कित्येक वर्षं मोठा गिऱ्हाईक होता, त्यातलं थोडं तुमच्या-माझ्या गाडीतही जळलं असेल. आणि गावातली मुलं? त्यांनाही जरूर द्या. कुणाला काहीच न देणारा माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा मला राग येतो. तुमचे यजमान तसे नसावेत, कारण ब्लेसिंग कणसं विकते हे त्यांनीच पाहिलं आणि तुम्हाला सांगितलं. ज्याला फरक पडत नाही त्याच्या हे लक्षातही येत नाही.

योजनेबद्दल आता. दत्तक-पालक योजना फसव्या असतात असं मी म्हणणार नाही. तिघा अर्थशास्त्रज्ञांनी अशा एका मोठ्या योजनेचा सहा देशांत केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आपला देशही होता. दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती घेतली. ज्यांना लहानपणी पालक मिळाले होते ती मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. ही लहान गोष्ट नाही. पण तुमचा प्रश्न ब्लेसिंगचा आहे, आणि योजनेत ब्लेसिंग मिळणार नाही. संस्था ज्या गावात काम करते तिथलं मूल तुम्हाला देणार. शिवाय कित्येक संस्थांमध्ये तुमचे पैसे त्या एका मुलाकडे जातच नाहीत, सगळ्या वस्तीच्या कामात एकत्र खर्च होतात. फोटोतलं मूल फक्त तोंडओळखीपुरतं. यात गैर काही नाही, अनेकदा हेच जास्त शहाणपणाचं असतं. फक्त देणाऱ्याला ते ठाऊक हवं. आणि परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर इथे ८०जीची सवलत मिळत नाही, तेही लक्षात असू द्या.

फोटोबद्दल मात्र माझं मन साफ नाही. पूर्वी मी अशाच एका योजनेत पैसे भरत होते. दरवर्षी मुलीचा फोटो यायचा. एका वर्षी तिच्या अंगात पिवळा फ्रॉक होता, गळ्याशी पांढरी लेस, डाव्या बाहीवर शाईचा डाग. माझ्या मैत्रिणीचंही त्याच वस्तीतलं दुसरं मूल होतं. तिच्या फोटोतल्या मुलीच्या अंगात तोच फ्रॉक. डाग पण तोच. मी संतापले, फसवलं म्हणून संस्थेला पत्र लिहायला बसले. लिहिता लिहिता थांबले. तो फ्रॉक माझ्यासाठी होता. मला टापटीप, हसरी, उपकृत दिसणारी मुलगी बघायची होती, म्हणून कुणीतरी एक चांगला फ्रॉक त्या दिवसापुरता आलटूनपालटून सगळ्यांना घातला होता. पैसे मी पुढेही भरले. फोटो पाठवू नका असं कळवलं.

तुम्ही जिथे राहिलात त्या भागाने हा फोटोंचा भार फार सोसला आहे. बियाफ्रा हा भाग नायजेरियातून फुटू पाहत होता, त्या १९६७ ते ७० च्या युद्धात तिथली पोट फुगलेली, केस पिंगट झालेली मुलं जगभरच्या वर्तमानपत्रांत छापली गेली. त्या फोटोंमुळे मदत पोचली, जीव वाचले, हे खरं. पण आफ्रिकेतलं मूल म्हटलं की तेच एक चित्र डोळ्यांसमोर येतं, ते तेव्हापासून. ब्लेसिंगचा फोटो मागू नका, एवढीच माझी विनंती. तुम्ही तर तिला ओळखता.

मग राहिला रोख पैशांचा प्रश्न, "आईच्या हातात द्यायला मन धजत नाही" हा. इथे मी तुमच्याशी थोडं भांडणार आहे.

माझे वडील साताऱ्यात वार लावून शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. सातांतल्या सहा घरांची नावं ते कधी घेत नसत. मंगळवारच्या आजींचं मात्र म्हातारपणापर्यंत सांगायचे. बाकीच्या घरी ताट वाढलं जायचं आणि वर प्रश्न असायचे. किती मार्क पडले, नादारी मिळाली का, घरी पैसे पाठवतोस का. मंगळवारच्या आजी नुसतं विचारायच्या, आमटी तिखट झालीय का रे? अन्न सगळीकडे सारखंच होतं. एका घरी ते जेवायचे, बाकीच्या घरी ते पोट भरायचे. ब्लेसिंगच्या आईंच्या बाबतीत तुम्ही कुठल्या वाराचं घर व्हायचं, ते ठरवा.

आणि अनुभव काय सांगतो? लष्करशहा सानी अबाचाने तेलाच्या पैशातून लुटून बाहेर नेलेल्या रकमेपैकी सुमारे ३२ कोटी डॉलर स्वित्झर्लंडने परत द्यायचं २०१७ च्या करारात ठरलं. ते कुठल्या मंत्र्याच्या खात्यात न घालता, देखरेखीखाली, गरीब घरांना थेट महिना ५,००० नायरा असे वाटायचं ठरलं. जो पैसा देशाच्या प्रमुखाला सांभाळता आला नाही, तो खेड्यातल्या बायांना सांभाळता येईल असं त्या करारात धरलं गेलं. तुमच्या त्या बाईसुद्धा बहुतेक 'इसुसु'त असतील, विचारून बघा. इसुसु म्हणजे आपली भिशीच, दहा-बाराजणी मिळून दर आठवड्याला ठरावीक रक्कम टाकतात आणि पाळीपाळीने उचलतात. पाच-पन्नास नायरांचा तोंडी हिशेब ठेवणाऱ्या बाईला फीचे पैसे सांभाळता येत नाहीत, असं म्हणायला आपल्याकडे काय पुरावा आहे?

तेव्हा असं करा. यजमान तिथेच आहेत, त्यामुळे बँकेतून परदेशी पाठवण्याची भानगड नाही, पैसे तिथल्या तिथे नायरात देता येतील. शाळेत त्यांनी जाऊ नये. परदेशी साहेब आला की वर्गणीचे आकडे वाढतात, आणि वर्गात मुलीकडे बोटं दाखवली जातात. पैसे आईंनी न्यावेत, भरावेत, पावती घ्यावी. ती पावती आईंकडेच राहू दे. दाखवली तर बघा, मागू नका. रक्कम आईंना विचारून ठरवा. फीबरोबर सँडल, येण्याजाण्याचं भाडं आणि संध्याकाळच्या शिकवणीचे पैसे धरा. तिकडे या शिकवणीला 'लेसन' म्हणतात आणि सरकारी शाळेतल्या मुलांना ती लागतेच. मुलगी आता वयात येईल, सॅनिटरी पॅडचे पैसे न मागता धरा. त्यापायी मुली महिन्यातले चार दिवस घरी बसतात. ब्लेसिंगला भावंडं आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर त्यांच्या वह्या-पुस्तकांचंही बघा, नाहीतर एका घरात एक लाडकं आणि बाकीचे बघे असं होतं. आणि जमलं तर आईंना धंद्यासाठी गारीच्या एक-दोन पोत्यांचं भांडवल द्या. मुलगी कणसं विकायला बसते ती हौसेने बसत नाही. तिची कमाई घरात लागते, ती भरून निघाल्याशिवाय फी भरूनही ती शाळेत टिकायची नाही.

एक गोष्ट जपून करा. शब्द द्याल तो सहा वर्षांचा द्या. तीन वर्षं ज्युनियर, तीन सीनियर, शेवटी वाएकची परीक्षा, जी आपल्या बारावीसारखी. त्या परीक्षेची फी एकदम भरावी लागते आणि नेमकी तिथेच मुलं गळतात. यजमानांची बदली मधेच झाली तर? म्हणून आत्ताच नाशिकच्या बँकेत ब्लेसिंगच्या नावाने मनातल्या मनात एक आवर्ती ठेव सुरू करा, रुपयांत. नायरात साठवू नका. मे २०२३ मध्ये डॉलरला साधारण ४६० नायरा पडत होते, वर्षभरात दीड हजारांच्या आसपास गेले. नायरात ठेवलेली सहा वर्षांची फी तिसऱ्या वर्षापर्यंत विरघळून जाईल. सहा वर्षांचं जमणार नसेल तर तसं आईंना मोकळेपणाने सांगा, एका वर्षाचं द्या, पण आशा लावून मधेच हात काढून घेऊ नका.

तेलगळतीने नासलेल्या पाण्याचं मात्र तुमच्या-माझ्या पैशाने काही होणार नाही, आणि ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तुमच्या एलेमेतच ओगाले नावाचं गाव आहे. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने तिथल्या निसिसिओकेन ओगाले वस्तीतल्या पिण्याच्या विहिरी तपासल्या, तेव्हा कर्करोग आणणारं बेन्झिन मर्यादेच्या नऊशे पटींहून जास्त सापडलं. एलेमे ज्यात येतं तो ओगोनी प्रदेश साफ व्हायला पंचवीस-तीस वर्षं लागतील असं त्या अहवालात होतं. पण ओगालेचे लोक हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. त्यांनी शेल कंपनीवर थेट लंडनमध्ये दावा लावला, आणि तो तिथे चालवता येईल असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. यजमानांना हे जरूर वाचून दाखवा. सरकारला आणि कंपन्यांना जाब विचारायचं काम तिथली माणसं करताहेत. तो जाब कागदावर लिहायला, वाचायला येणारी मुलगी तुम्ही तयार करताय.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्या मुलाला ब्लेसिंगची आठवण येत असणार, तीन वर्षं एका अंगणात खेळली असतील. त्याला पत्र लिहू दे. त्यात फीचा, मदतीचा, 'नीट अभ्यास कर'चा शब्द नको. यजमान पुढच्या खेपेला येऊन परत जातील तेव्हा त्यांच्या बॅगेतून जाऊ दे. पावसाळ्यात तिकडे भाजलेल्या कणसाबरोबर ते जांभळं उबे फळ देतात ना, निखाऱ्यावर मऊ करून? बहिणीकडे मी ते खाल्लं होतं आणि मला काही केल्या त्याची चव सांगता येत नाही. ती कशी सांगायची, हे त्याने तिला विचारावं. आणि तिचं उत्तर आलं तर मलाही कळवा.

तुमची,
ताई